आठ पोस्टकार्डांवर धावणारी गाडी

टोमॅटोच्या हंगामात पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या बाजाराजवळ थोडा वेळ उभे राहिले, की क्रेटांवर क्रेट रचलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. कोणी पुण्याला निघालेली असते, कोणी माळशेज घाट उतरून मुंबईकडे. एका क्रेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो मावतात. पंचाहत्तर क्रेट म्हणजे दीड टन माल झाला. गाडीचे स्वतःचे आणि चालकाचे वजन मिळून १७०० किलो धरले, तर एकूण भार ३२०० किलो होतो. आता एक प्रश्न. हा सव्वातीन टनांचा पसारा जमिनीला नेमका कोठे टेकलेला असतो?

'चार चाकांवर' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल, आणि ते बरोबरच आहे. परंतु चाकाचा सगळा घेर काही एकाच वेळी जमिनीला टेकत नाही. खालच्या बाजूला टायर किंचित चपटे होते आणि तेवढाच तुकडा रस्त्याला चिकटतो. हा तुकडा केवढा असतो, ते आपण साध्या गणिताने काढू.

भार कोण उचलतो?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारा भार, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. टायरमधील हवेचा दाब आपल्याकडे अजूनही पौंडात सांगतात. 'साठ पौंड हवा' म्हणजे एका चौरस इंचावर साठ पौंड. मेट्रिक मापात सांगायचे, तर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४.२ किलो.

समजा, आपल्या पिकअपच्या मागच्या प्रत्येक चाकावर १००० किलो भार आला आहे आणि त्यात साठ पौंड हवा आहे. १००० ला ४.२ ने भागले, की उत्तर येते सुमारे २३८ चौरस सेंटिमीटर. पुढच्या प्रत्येक चाकावर ६०० किलो भार व पस्तीस पौंड हवा धरली, तर तेथेही सुमारे २४४ चौरस सेंटिमीटर येतात. आपले नेहमीचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चाकाखाली जेमतेम दोन पोस्टकार्डे! चार चाकांची मिळून आठ. गाडी पळते, वळते, थांबते ती या आठ पोस्टकार्डांएवढ्या जागेवर.

हे गणित ढोबळ आहे, कारण टायरच्या ताठ बाजूही थोडा भार उचलतात. तरीही त्यातून मुख्य गोष्ट कळते. भार उचलणारी खरी वस्तू आहे ती आत कोंडलेली हवा. रबर, त्यातील दोऱ्यांचे थर आणि पोलादी तारा ही त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी आहे. टायरची निगा राखणे म्हणजे ही हवा योग्य दाबाने आत ठेवणे आणि ती दोन पोस्टकार्डे रस्त्याला नीट टेकलेली ठेवणे. पुढे जे जे सांगितले आहे, ते सारे या एका सूत्रातून निघते.

लोखंडी धाव ते हवेचे चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो. धाव टिकाऊ खरी, पण प्रत्येक दगडाचा धक्का ती जसाच्या तसा गाडीपर्यंत पोहोचवते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या वेळी रस्त्यावर ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर बनवले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. या वेळी मात्र कल्पनेने मूळ धरले.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. ते गंधकाबरोबर तापवले, की चिवट व लवचीक बनते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले होते. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. टायरचा काळा रंग मुळात रबराचा नव्हे. रबर झिजू नये म्हणून त्यात अतिशय बारीक काजळी मिसळतात. तिचा तो रंग आहे.

हवा कमी पडली तर

पुन्हा आपल्या गणिताकडे वळू. साठ पौंडांऐवजी हवा पंचेचाळीसच असेल, तर १००० किलो भार उचलायला २३८ ऐवजी सुमारे ३१६ चौरस सेंटिमीटर जागा लागेल. म्हणजे टायर अधिक चपटे होईल आणि त्याच्या बाजू अधिक वाकतील.

वाकल्याने काय बिघडते? एक जाड रबरी पट्टी घ्या, ती भराभर पंधरा-वीस वेळा ताणा आणि सैल सोडा. मग लगेच ओठांना लावून पाहा. ती कोमट लागेल. रबर ताणताना खर्च झालेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने आतच राहते. पिकअपच्या एका सर्वसाधारण टायरचा परीघ २.२१ मीटर असतो. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात ते सुमारे ६८ हजार वेळा फिरते. याचा अर्थ टायरचा प्रत्येक भाग ६८ हजार वेळा दबतो आणि पुन्हा उठतो. हवा कमी असेल, तर प्रत्येक दबणे मोठे आणि प्रत्येक वेळी राहणारी उष्णताही अधिक. रबर हे उष्णतेचे मंद वाहक आहे. उष्णता बाहेर पडण्याआधी नवी तयार होत राहते. आतील दोऱ्यांचे थर रबरापासून सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फुटते.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, की नेमके हेच घडते. त्यात उन्हाळ्याची दुपार, तापलेला रस्ता आणि न थांबता राखलेला वेग यांची भर पडली, तर धोका वाढत जातो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. अशा मोकळ्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास एका वेगाने धावू शकते आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. खेड्यातील बाजारापर्यंत हळूहळू जाताना जी कमतरता खपून जाते, ती येथे जिवावर बेतू शकते.

पुढचे टायर फुटले, तर गाडी त्या बाजूला ओढली जाते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक दाबला, तर ती फिरण्याची किंवा उलटण्याची भीती असते. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग कडेला घ्यावी, असे जाणकार चालक सांगतात.

हवा गरजेपेक्षा जास्त असली तरीही नुकसानच. टायरचा मधला भाग फुगून तेवढाच रस्त्याला टेकतो, पोस्टकार्ड लहान होते, ब्रेकची पकड कमी होते. माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप मागच्या बाजूने कशी उडत जाते, हे तुम्ही पाहिले असेल. मालासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीला फार होते. म्हणून अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी दाबाचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरही ते सापडतात. टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा बहुधा त्या टायरची कमाल मर्यादा दाखवतो. गाडीला किती हवा हवी, ते गाडीची पुस्तिका सांगते.

हवा केव्हा मोजावी?

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निघण्यापूर्वी मोजावी. यामागे वायूंचा एक साधा नियम आहे. आकारमान कायम असेल, तर वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन तापमानाला टायरमध्ये साठ पौंड हवा आहे. मापक वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला दाबच दाखवतो. म्हणून त्यात वातावरणाचे पंधरा पौंड मिळवा. झाले पंचाहत्तर. धावून टायरमधील हवा ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्विनवर गेली. दाब एक दशांशाने वाढून साडेब्याऐंशी झाला. त्यातून पंधरा वजा करा. मापक दाखवील साडेसदुसष्ट!

'हवा जास्त झाली' असे समजून कोणी ही वाढ तेथेच सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये ५३ पौंडच उरतील. तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये, या सल्ल्याचे कारण हे आहे.

चांगल्या टायरमधूनही रबराच्या सूक्ष्म छिद्रांवाटे महिन्याला एक-दोन पौंड हवा निघून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मापन हवे. नुसत्या डोळ्यांनी किंवा टायरला लाथ मारून अंदाज घेणे पुरेसे नाही. व्हॉल्व्हवरची छोटी टोपी क्षुल्लक वाटते; पण धूळ आणि चिखल आत शिरून व्हॉल्व्ह गळू नये, हे काम ती करते. व्हॉल्व्ह गळतो की नाही ते पाहण्यासाठी त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडतात. बुडबुडा फुगू लागला, की गळती पकडली गेली.

काही ठिकाणी टायरमध्ये नायट्रोजन भरून देतात. आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलेला नायट्रोजन कोरडा असतो, एवढा त्याचा फायदा. पण तापल्यावर त्याचाही दाब हवेसारखाच वाढतो. म्हणून नायट्रोजन भरला तरी मापन चुकत नाही.

टायरवरची अक्षरे

टायरच्या बाजूवर उठावाची अक्षरे व आकडे असतात. समजा, तेथे '२१५/७५ आर १५' असे आहे. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, बाजूची उंची. 'आर' म्हणजे रेडियल पद्धतीची बांधणी. आणि १५ इंच हा रिमचा व्यास. एवढ्या माहितीवरून टायरचा पूर्ण व्यास आणि परीघ तुम्ही स्वतः काढू शकता. वर दिलेले २.२१ मीटर तसेच काढलेले आहेत.

त्यापुढे भाराचा क्रमांक येतो. १०० म्हणजे जास्तीत जास्त ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. नंतरचे अक्षर कमाल वेगाचे. आणखी एक चार आकडी संख्या शोधा. '१२२४' असे असेल, तर ते टायर २०२४ सालच्या बाराव्या आठवड्यात तयार झाले. ही माहिती फार उपयोगाची आहे. कारण ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे न वापरलेले रबरही म्हातारे होते. बाजूवर बारीक भेगांचे जाळे दिसू लागले, की नक्षी शिल्लक असली तरी टायरचा भरवसा धरू नये.

झीज काय सांगते?

टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो. नक्षीतील चरांमधून ते पाणी बाजूला सारले जाते आणि रबर रस्त्याला टेकते. चर उथळ झाले, की वेगात पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. टायर पाण्याच्या थरावर चढते, गाडी अक्षरशः तरंगते आणि स्टिअरिंग किंवा ब्रेक काहीच लागू पडत नाही. चरांच्या तळाशी जागोजाग छोटे उंचवटे ठेवलेले असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलायलाच हवे.

झीज कोठे झाली आहे, यावरून तिचे कारण ओळखता येते. मधोमध झीज असेल, तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी किंवा भार जास्त. एकच कड झिजली, तर चाक तिरके उभे आहे. हात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांचा रोख चुकला आहे. जागोजाग खळगे पडले असतील, तर तोल बिघडला आहे किंवा शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत. मात्र हात फिरवण्यापूर्वी गाडी बंद आहे, टायर थंड आहे आणि कोठे तार किंवा काच रुतलेली नाही, हे पाहून घ्यावे.

बाजूवर फुगा आलेला दिसला, तर ती फार गंभीर खूण समजावी. खड्ड्यात आदळून आतील दोऱ्या तुटलेल्या असतात आणि हवा फक्त रबराच्या पातळ थरावर थोपलेली असते. तो दुरुस्त होत नाही. पंक्चरही नक्षीच्या भागात असेल तरच काढावे. बाजूला पडलेले छिद्र बुजवून माल वाहू नये.

पुढच्या व मागच्या चाकांवर भार वेगवेगळा, कामही वेगवेगळे. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने, साधारण आठ-दहा हजार किलोमीटरनंतर, चाकांची अदलाबदल करतात. त्यामुळे सर्व टायर सारखी झिजतात.

रोख आणि तोल

पुढचे चाक सरळ दिशेपासून फक्त एक अंश वळलेले असेल, तर काय होते? ते फिरते एका दिशेला, पण गाडी त्याला ओढते दुसऱ्या दिशेला. एका किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते! खोडरबर कागदावर घासावे, तसेच हे आहे. मोठ्या खड्ड्यात चाक आदळले किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, की रोख तपासून घेतात. यालाच गॅरेजमध्ये अलाइनमेंट म्हणतात.

तोलाची गोष्टही अशीच मनोरंजक आहे. चाकाच्या एका बाजूला केवळ २० ग्रॅम वजन जास्त आहे आणि ते मध्यापासून २० सेंटिमीटरवर आहे, असे धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला दहा फेरे घेते. त्या वेळी हे २० ग्रॅम चाकाला सुमारे दीड किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात, आणि हा ओढा सेकंदाला दहा वेळा दिशा बदलतो. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते, ते यामुळेच. रिमच्या कडेला धातूचे छोटे तुकडे बसवून समोरची बाजू तेवढीच जड करतात आणि तोल साधतात. रिममध्ये वाळलेला चिखल साचला तरीसुद्धा तोल बिघडतो. म्हणून शेतातून आलेल्या गाडीची चाके आतूनही धुवावीत.

नट आवळण्यातील शास्त्र

चाक बसवणारे पाच-सहा नट गाडीचा सगळा भार पेलतात, असे वाटते. प्रत्यक्षात नटांचे काम चाकाला हबवर दाबून धरण्याचे असते. दोन्ही पृष्ठभागांमधील घर्षणामुळे चाक जागेवर राहते. नट ढिले पडले, की घर्षण संपते, चाक किंचित हलू लागते, छिद्रे लांबट होतात आणि अखेर बोल्ट तुटतात.

म्हणून चाक बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभागांवरील गंज व माती पुसावी. नट ओळीने आवळू नयेत. एक नट, मग त्याच्या समोरचा, अशा क्रमाने आवळावेत. पाच नट असतील, तर पाच टोकांची चांदणी काढताना पेन्सिल जशी फिरते, तसा पाना फिरवावा. यामुळे चाक तिरके न बसता सर्व बाजूंनी सारखे टेकते. पान्यावर उभे राहून उड्या मारल्याने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो; ठरावीक जोर मोजणारा पाना वापरणे उत्तम. चाक बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. नटाखालून गंजाचा तांबूस ओघळ आलेला दिसला, तर नट ढिला असण्याची शक्यता असते.

जास्तीच्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द ब्रिटनमधील वेल्स प्रांतातून आला आहे. तेथील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. मोटारीला जोडायचे जास्तीचे चाक त्यांनी १९०४ मध्ये तयार केले आणि रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. पिकअपची स्टेपनी बहुधा गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते, त्यामुळे तिची आठवण गरज पडल्यावरच होते. चार टायर तपासताना पाचव्याचीही हवा मोजावी.

करून पाहा

चाक काढणे आणि मोठ्या टायरमध्ये हवा भरणे ही कामे मोठ्यांची आहेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. आपला प्रयोग सायकलवर करता येईल.

सायकलच्या मागच्या टायरच्या थोड्या भागाला ओला खडू फासा. जमिनीवर पुठ्ठा व त्यावर आलेख कागद ठेवून तो भाग त्यावर अलगद टेकवा. एका मित्राने सायकल धरावी, दुसऱ्याने सावकाश सीटवर बसावे आणि उतरावे. कागदावर लांबट ठसा उमटेल. त्यातील चौरस मोजून क्षेत्रफळ काढा. सायकलच्या दुकानातील मापकाने हवेचा दाब पाहा आणि दोन्हींचा गुणाकार करा. मागच्या चाकावर किती किलो भार होता, ते तुम्हाला अंदाजे कळेल. नंतर थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. तो किती वाढला?

तुमच्या घरी किंवा शेजारी पिकअप असेल, तर तिच्या चालककाकांना हे दोन्ही ठसे जरूर दाखवा. सकाळी गाडी निघण्यापूर्वी हवा मोजणे, टायरांभोवती एक फेरी मारून फुगा, काप किंवा रुतलेला खिळा पाहणे आणि नटांवर नजर टाकणे, याला दहा मिनिटे पुरतात. एका शेतकऱ्याचे चार महिन्यांचे पीक आणि ते नेणाऱ्या माणसाचा जीव, दोन्ही त्या दिवशी घाटातून उतरणार असतात.